धूमकेतूला चमकी लावू नका

शहाण्णव साली आमच्या ह्यांनी, म्हणजे श्यामसुंदररावांनी, कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. घेतली कसली, घ्यायला लावली! नवी यंत्रं आली, माणसं नकोशी झाली. तेव्हापासून हे दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. विचारलं तर, "काही नाही." मला धडकी भरायची.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला हेल-बॉप धूमकेतू दिसला आणि ह्यांची तरुणपणची आवड जागी झाली. नारायण पेठेतल्या आमच्या मंडळाने गणपतीत धूमकेतूचाच देखावा करायचं ठरवून काम ह्यांच्यावर सोपवलं. शेजारच्या मंडळाने आदल्या वर्षी बाप्पाला कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं, मग आम्ही मागे कसे राहणार! हे पुन्हा शीळ घालत दाढी करू लागले.

आणि एक दिवस ह्यांनी देखाव्यातल्या धूमकेतूचा भला मोठा गोळा डांबरासारखा काळा रंगवून टाकला.

मंडळाचा अध्यक्ष बद्रीनाथ उखडलाच. "काका, बाप्पासमोर काळं? चंदेरी करा, नाहीतर देखावाच राहू द्या." मलाही त्याचं पटलं. "अहो, लावा की थोडी चमकी, काय बिघडतंय?"

हे भांडले नाहीत. संध्याकाळी गच्चीच्या एका टोकाला दोन चेंडू टांगले, मला दुसऱ्या टोकाला उभं केलं, माझा चष्मा काढून घेतला आणि बॅटरी मारली. "कुठला मोठा?"

"दोन्ही सारखेच पुसट दिसतायत."

जवळ गेले तर पांढरा लिंबाएवढा आणि काळा चांगला कलिंगडाएवढा! अगं बाई!

"लांबून नुसता उजेड दिसतो," हे म्हणाले. "गोळा पांढरा धरला तर लहान ठरतो, काळा धरला तर मोठा. पण काळा उन्हात जास्त तापतो, म्हणून त्याची उष्णताही मोजतात. दोन्ही जुळवलं की आकार कळतो नि पृष्ठभाग किती काळा तेही. हॅलेच्या धूमकेतूजवळ यान गेलं, तेव्हा तो कोळशाहून काळा निघाला गं. मी त्याला चमकी कशी लावू?"

इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. देखावा गेला असता तर हा माणूस परत त्या खुर्चीत जाऊन बसला असता.

दुसऱ्या दिवशी बैठकीला ह्यांच्याबरोबर मीही गेले. बद्रीनाथचं तेच पालुपद, काळं अशुभ.

"हो का?" मी म्हणाले. "बाप्पाच्या वडिलांची पिंड कसल्या रंगाची असते रे?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बद्रीनाथने कान पकडले. "काळाच ठेवा, काकू."

घरी येताना हे म्हणाले, "पिंडीचं माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"तुमचं लक्ष सदा वर! जरा घरातही बघत चला."

त्यावर हे भर रस्त्यात खो खो हसले. किती दिवसांनी!