ओलं गोणपाट

माझी नोकरी टिकली ती मलकापूरच्या एका पत्रेवाल्यामुळं. त्यानं नाव सांगितलं नाही, आणि मी इतका वैतागलेलो की विचारलंही नाही.

मालकांच्या जुन्या मोटारीत पाय ठेवायच्या जागेचा पत्रा गंजून बोटभर भोक पडलं होतं. दुपारी मालक येण्याआधी ते बुजवायचं, एवढंच माझं मागणं. त्यांनी हाकललं तर माझ्या गावाहून, कवठे महांकाळहून, इतक्या लांब, चौथीत शाळा सोडलेल्या ड्रायव्हरला कोण ठेवणार?

नुकताच लढाईवरून परतलेला हा गडी मोटारीखाली उघड्या जमिनीवर निजला. हातोडीनं पत्रा ठोकायचा, कान द्यायचा, सावकाश तंबाखू मळायचा आणि पुन्हा कापायचा. भोक ताटाएवढं झालं!

"आवं, भोक बुजवाय सांगितलंय, वाढवाय न्हाई!" मी ओरडलो.

"चांगला पत्रा लागंपातूर कापायच लागतंय, गड्या. खाली काय हातरतोस रं?"

"गोणपाट. रोज भिजवून. मालकांच्या पायाला गारवा म्हणून."

"मग पावसानं न्हाई, तुज्या सेवेनं कुजलीय गाडी!"

तेवढ्यात मालक आलेच. भोक बघून ते माझ्यावर खेकसणार, तोच हा खालूनच म्हणाला, "सायेब, ह्यानं टायमात आणली. न्हाईतर तुमचा पाय रस्त्याला लागला असता."

"मग नवाच पत्रा बसव," मालक त्याला म्हणाले. संध्याकाळपर्यंत नवा पत्रा बसला. गोणपाटाबद्दल तो त्यांच्यापुढं अवाक्षर बोलला नाही.

गावी गेलो की आमच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं आणीन, आणि माझ्या हातानं त्याच्या पाठीखाली अंथरीन.