वहिनींच्या हातचं नांदरुक

आमच्या वहिनींच्या हाताबद्दल गावात जे बोललं गेलं, ते माझ्यामुळे. ते नीट सांगायचं तर एका स्वस्तातल्या रोपापासून सुरुवात करावी लागते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी कर्जतला सरकारी कचेरीत कारकून होतो. कळंबकडे एका मुंबईकराच्या बंगल्यावर कामासाठी गेलो असताना दिवाणखान्यात तबकाएवढ्या कुंडीत वडाचं झाड पाहिलं. उंची वीतभर, पण पारंब्यांसकट म्हातारं. मालकाने बोन्साय हा शब्द मला दोनदा उच्चारून दाखवला. आपल्याकडेही असं काही असावं, हे तिथेच मनात बसलं.

खालापूरच्या रस्त्यावर एक नर्सरी होती. काळ्या पिशव्यांत नांदरुकाची शेकडो रोपं, सगळी एका उंचीची, बंगल्यांच्या कुंपणासाठी वाढवलेली. नांदरुक वडाच्याच कुळातलं. किंमत इतकी कमी की मला शंका आली, हा फांदी खोचून देत असणार. मी पिशवी फाडून मुळं बघायला लागलो.

"दात बी मोजता का?" नर्सरीवाला म्हणाला. "बैल न्हाय घेत तुमी."

घरी आणून मुळं छाटली, मातीच्या उथळ परळाला खिळ्याने भोक पाडून त्यात झाड बसवलं, जुन्या वायरमधली तांब्याची तार काढून खोडाला गुंडाळली. आणि बंगल्यात पाहिलं होतं तसं, आतल्या खोलीत रेडिओच्या शेजारी ठेवलं.

वहिनी दारातून बघत होत्या. "वाढत्या झाडाला कशाला वो आवळताय, भावजी?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणालो.

थोरला भाऊ शेती बघायचा, मी नोकरी. वहिनींना मूल नव्हतं, म्हणून ओटी भरायला त्यांना कुणी पुढे करत नसे. पण भाताच्या आवणीला त्यांच्यावाचून अडायचं. रोपांची पहिली मूठ चांगल्या हाताच्या बाईने चिखलात लावायची, ही आमच्याकडची रीत. वहिनींचा हात चांगला, असं सगळी आळी मानायची. त्या दिवशी शेजारणी त्यांना घ्यायला येत, कुंकू लावत, पुढे घालून नेत. वर्षातून तेवढाच त्यांचा मान.

थोड्याच दिवसांत झाडाची पानं पिवळी पडू लागली. आधी मी नर्सरीवाल्यावर संशय घेतला, मग उंदरांवर, मग घरातल्या माणसांवर. संध्याकाळी आल्यावर परळाचं तोंड दुसरीकडे वळलेलं वाटे. मी परळाच्या कडेला आणि खालच्या फळीवर खडूने जुळणारी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी रेघा जुळेनात. म्हणजे हात लागत होता. कुणी पेज ओतत असेल, कुणी मीठ टाकत असेल. मी माती चाखूनसुद्धा बघितली.

एका दुपारी मुद्दाम लवकर घरी आलो. झाड अंगणात पाट्यावर ठेवलेलं आणि वहिनी त्यावर तांब्याने पाणी शिंपडत होत्या.

"सापडलात," मी म्हणालो.

"ऊन दाखवतेय जरा. आत अंधारात पिवळं पडलंय."

"मग लपवून कशाला?"

"तुमी दिलं असतं व्हय बाहेर ठेवायला?"

माझा विश्वास बसला नाही. झाड कपाटात ठेवून कुलूप लावलं. सकाळी दार उघडून पाणी घालायचो, पुन्हा कुलूप. उरलेली पानंही गळून पडली, नुसती काटकी राहिली.

नेमक्या त्याच वेळी शेजारणी आवणीचं बोलावणं घेऊन अंगणात आल्या. मी ती काटकी बाहेर आणली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "हात लागला तर हे झालं. वाढतं काही यांना बघवत नाही. मूठ कुणाकडून लावून घेताय ते बघा."

वहिनींनी माझ्या हातातून परळ काढून घेतलं. एक शेजारीण म्हणाली, "बरं, आमी निरोप धाडतो." निरोप आला नाही. त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही.

मी नर्सरीवाल्याशी भांडायला गेलो. तो हसायलाच लागला. "कपाटात? आवो, हे उन्हातलं झाड. बंगलेवालेसुद्धा पाव्हणे येतील तेवढंच आत आणत्यात. उघड्यावर ठेवा, फुटंल."

घरी आलो तर वहिनींनी ते आधीच परसात उघड्यावर नेलं होतं. पुढे ते फुटलं. शेजारणींनी हिरवं झाड पाहून विचारलं, तेव्हा खरं सांगायची वेळ होती. मी म्हणालो, "ते मेलं. हे नर्सरीतून दुसरं आणलं. तिथे सगळी सारखीच मिळतात." वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं.

लोकांनी माझ्या बोन्सायचं कौतुक केलं. पाणी मात्र वहिनीच घालत राहिल्या.

परवा परवा, म्हातारपणी, मी त्यांच्यापाशी हे सगळं काढलं. त्या शेंगा सोलत होत्या. "मला काय सांगताय? मला ठावं हाय. ज्यांना तवा सांगितलंत, त्यांना सांगा."

त्या बायांपैकी एकच उरली आहे, शेलूला मुलाकडे असते. मी झाड घेऊन गेलो. खोडावर माझ्या तारेचा वळ अजून आहे, तोच पुरावा म्हणून दाखवला. म्हटलं, तेच झाड हे, वहिनींनी जगवलेलं.

तिने परळ फिरवून फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तार काय, कंच्याबी झाडाला बांधता येते. सगळी सारखीच मिळतात, तुमीच बोललाव ना?"

मी परळ उचललं आणि स्टेशनवर येऊन बसलो. घरी गेल्यावर वहिनी विचारणार होत्या, काय म्हणाली म्हणून.