शिळं पाणी

आमच्या घरी कालचं पाणी आज कुणी पीत नाही. सकाळी नळ आला की कळशी, पिंप सगळं उपडं करायचं, घासायचं, ताजं भरायचं. ही आईची शिस्त. ती माझ्या अंगात इतकी मुरली की तिच्यापायी एक जीव जाता जाता राहिला.

नव्वदच्या दशकात उरणच्या वाटेवरच्या एका मत्स्यबीज केंद्रात मी क्लार्क होते. तिथल्या गोड्या पाण्याच्या मत्स्यालयाचं नूतनीकरण निघालं होतं. जुन्या काचा काढल्या, फरशी उखडली, मासे मागच्या हौदांत हलवले. एक म्हातारी रोहू मादी मात्र वेगळ्या टाकीत, सावलीला. माशांची देखभाल करणारे जासईचे काका, त्यांनी तिला बोटाएवढी होती तेव्हापासून वाढवलेली. मत्स्यालय उघडणार त्याच महिन्यात काका रिटायर होणार होते. तिला दर्शनी काचेत फिरताना बघून घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा.

पुतणीच्या लग्नाला दोन दिवस जाताना ते मला म्हणाले, "बाय, पान्यावर लक्ष ठेवा."

ठेवलं ना! दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर टाकीशेजारी दोन पिंपं भरलेली, वर धूळ. शी! मी शिपायाकडून ती झाडांना ओतवली, टाकीतलंही अर्धं पाणी काढवलं आणि नळाचं ताजं भरलं. अर्ध्या तासात रोहू वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागली, मग एका कुशीवर कलली.

तेवढ्यात लग्न उरकून काका परतले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनचं औषध माशांना सोसत नाही, ते उडायला दोन दिवस लागतात, म्हणून ती पिंपं भरून ठेवली होती, एवढं सांगून ते टाकीपाशी बसले आणि हाताने पाणी हलवत राहिले.

मी भिंतीपलीकडच्या आमच्या सोसायटीत धावले. दारोदार विचारत सुटले, शिळं पाणी आहे का? एकेकीचा चेहरा बघण्यासारखा होता. आमच्याकडे असलं काही नसतं हो, असं म्हणून एकीने तर दारच लावलं. राहता राहिली तळमजल्यावरची. तिला अख्खी बिल्डिंग आळशी म्हणायची, सगळ्यांत आधी मी. तिने मोरीतलं काठोकाठ पिंप दाखवलं आणि हळूच म्हणाली, "वहिनी, चार दिवसांचं आहे. कुणाला सांगू नका."

आम्ही दोघींनी बादल्या वाहिल्या. संध्याकाळपर्यंत रोहू सरळ झाली. मी त्या बाईला मिठीच मारली, ओल्या साडीनिशी.

उद्घाटनाला त्या तळमजल्यावरचीला बरोबर घेऊन गेले. नव्या काचेत रोहू ऐटीत फिरत होती आणि पाहुण्यांची भाषणं सोडून काका तिच्याकडेच बघत होते. नंतर त्यांनी पाण्याची पिंपं ठेवायच्या नव्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"बाय, पान्यावर लक्ष ठेवा."

मला रडूच फुटलं. जिने त्यांची रोहू जवळजवळ मारली होती, तिच्याच हाती ती सोपवून काका घरी निघाले होते.