बंद शेगडीचं घर

१४ मे. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर भिजलेली मटकी फडक्यात बांधत होते. अकोल्याच्या उन्हाळ्यात मोड यायला एक रात्र पुरते. जास्त केली तर दुसऱ्या दिवशी वास येतो, म्हणून एका माणसापुरती, मूठभरच.

बदली होऊन अमरावतीहून आले तेव्हा वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली. वर उघडी गच्ची, त्यामुळे छत रात्रीपर्यंत तापलेलं. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी बाहेरगावी नोकरीत. उन्हाळाभर बघायचं, करमलं तर राहायचं, नाही तर नोकरी सोडून अमरावतीच्या घराचं कुलूप उघडायचं, असं ठरवलं होतं. म्हणून फ्रिज घेतला नाही.

मेचा पहिला आठवडा सरला आणि गॅसही बंद केला. त्या खोलीत शेगडी पेटवणं म्हणजे अंगावर आणखी एक ऊन घेणं. सकाळी सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून. डब्यात मोडाची मटकी, काकडी, टमाटर, दाण्याचा कूट. मीठ आणि लिंबू खाताना घालायचं, नाही तर सगळ्याला पाणी सुटतं. रात्री कच्चा चिवडा: मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, तिखट-मीठ, कच्चं तेल, कांदा आणि कैरी. दह्याच्या वाटेला गेले नाही, दुपारपर्यंत आंबतं. पोट हलकं राहिलं, झोप बरी लागली. अडचण एकच होती. असलं जेवण दहा मिनिटांत होतं आणि त्याहून लवकर संपतं. स्वयंपाकात वेळ जातो म्हणून मी आयुष्यभर कुरकुर केली. आता वेळ होता आणि तो घालवायला काही नव्हतं. खालच्या लोकांशी बोलणं ‘नळ आले का?’ एवढंच.

मटकी बांधून झाली आणि चिवड्याचा कांदा चिरायला घेतला, तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्यांचा भाजीचा मळा आहे, बाजारात गाळाही आहे. हातात झाकलेला डबा, मागे सून. माझ्या डोळ्यांतून कांद्याचं पाणी वाहत होतं. काकू आत आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. सूनही बसली.

काकूंनी हळूच विचारलं, “कोन गेलं, बाई?”

“कुठं गेलं?”

“लपवू नका. हप्ता झाला, तुमच्या घरून कुकरची शिटी नाही का फोडनीचा वास नाही. आमी म्हनलं, सुतक हाये. एकटी बाई, कोन डबा देईन तिले?”

“काकू, कोणी गेलं नाही. गरमी होते म्हणून गॅस लावत नाही.”

“अन् रडून काहून राहिल्या मंग?”

मी कांदा दाखवला. सुनेनं पदर तोंडाला लावला. काकूंना मात्र हसू आलं नाही, त्यांना राग आला. “पिठलं-भाकर केली ना म्या. सुतकाच्या घरासाठी केलेलं आमी वापस घरात नेत नाही. आता खा.”

“तुम्हीही बसा.”

“सुतकाचं आमाले चालत नाही.” मग मुरमुऱ्यांच्या ताटलीकडे बघून, “हे काय, कच्चंच खाता? माकडावानी?”

तरी मी कांदा घालून चिवडा कालवल्यावर दोन घास त्यांनी खाल्लेच आणि तेल कमी आहे म्हणाल्या. जाताना दारात थांबल्या. “डबा खाली आनून द्या. सुतकाचा असन तं रिकामा, नसन तं भरून. तुमचं तुमी पाहा.”

पिठलं चांगलं होतं, लसूण जास्त. यजमान गेले तेव्हा आमची चूल बंद होती आणि डबे येत होते, त्यानंतर दुसऱ्याच्या हातचं असं घरी बसून खाल्लं नव्हतं. भाकरी अर्धी उरली. सकाळपर्यंत टिकते, म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवली.

सकाळी लवकर उठले. मटकीला मोड आले होते. त्यात काकडी, टमाटर, कांदा, कैरी, दाण्याचा कूट घातला, तेल जरा जास्त ओतलं आणि डबा भरून खाली नेला. काकू दारात बसून पालकाच्या जुड्या बांधत होत्या. झाकण उघडून त्यांनी वास घेतला.

“हेही कच्चंच?”

“कच्चंच.”

“बसा मंग,” म्हणाल्या आणि पालकाचा ढीग माझ्याकडे सरकवला. ऑफिसच्या बसची वेळ होईपर्यंत मी जुड्या बांधल्या.