पाचव्या अंकानंतरची बाई

“पण लग्नानंतर त्या बाईचं पुढे काय होतं?” मागच्या रांगेतल्या मुलीने विचारलं.

टोरांटोजवळच्या एका युनिव्हर्सिटीत माझा टीचिंग डेमो चालू होता. हा मुलाखतीचाच भाग. समोर खरे विद्यार्थी, कडेला कमिटी, आणि आपण शिकवून दाखवायचं. मी शिकवते चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं. त्यांत बाईचं वय लग्नावरून मोजतात: आधी कुमारी, मग बायको, मग विधवा. पुरुषाला लढाया, समुद्रप्रवास, सगळ्याला वेळ. विनोदी नाटक असलं की पाचव्या अंकात हिचं लग्न लागतं आणि खेळ खलास.

“पुढे?” मी म्हटलं, “पुढे तिला नोकरी लागते सस्काटूनला आणि त्याला व्हिटबीला.”

पोरं खो खो हसली. मला मेलं हसूच येईना. मी तिकडे सस्काटूनला, माझा नवरा मिलिंद इथे टोरांटोजवळ व्हिटबीला, मध्ये विमानाचे तीन-साडेतीन तास, असं आमचं कितीतरी वर्षं चाललंय. संध्याकाळी फोन टेबलावर उभा करून आम्ही ‘एकत्र’ जेवतो. त्याच्या ताटातली भाजी दिसते, वास येत नाही. त्याच्या शेजारी नुसतं बसायला मिळावं म्हणून जीव तुटतो हो.

डेमोनंतर कमिटीच्या चेअरबाईंनी विचारलं, “तिकडची पर्मनंट पोस्ट सोडून इथे का यायचंय?”

उत्तर पाठ होतं: रिसर्च, लायब्ररी, कलीग्ज. तोंडातून निघालं भलतंच. “माझा नवरा इथे राहतो. मला त्याच्यासोबत राहायचंय.”

कमिटीतल्या एकाने उगाच पाण्याची बाटली उघडली.

“हाऊ नाइस,” बाई म्हणाल्या.

कॅनडात इतकी वर्षं काढल्यावर असल्या ‘नाइस’चा अर्थ कळतो. आठवड्याने नकाराचा ईमेल आला. मी लगेच मिलिंदला फोन लावून सांगितलं.

“काय सांगितलंस त्यांना?”

“खरं ते. तुझ्यासोबत राहायचंय म्हणून.”

“अगं वेडे! तिथे माझं नाव कशाला काढलंस?” मग जरा थांबून हळूच म्हणाला, “पुन्हा सांग ना, काय म्हणालीस?”

मी पुन्हा सांगितलं. त्याने अजून एकदा वदवून घेतलं.

तेव्हा एक शिकले. नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यावं, तिथे लोक निदान टाळ्या तरी वाजवतात. इंटरव्ह्यूत घेऊ नये. पुढच्या महिन्यात टोरांटोतल्याच एटोबिकोला दुसरा इंटरव्ह्यू आहे. कारण विचारलं तर लायब्ररी सांगायचं ठरवलंय. जीभ ऐकेल की नाही, देव जाणे.