उतरण्याचं पान

अख्ख्या नागपुरात आमच्या भाऊजींइतकी विमानं कोणी चालवली नसतील, आणि त्यांच्याइतका उंचीला भिणारा माणूसही दुसरा सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात ते कामाला होते. पण वरच्या फळीवरचा तागा काढायची वेळ आली की नेमकी त्यांना तहान लागे. महाल भागातल्या आपल्याच घराची गच्ची त्यांनी कधी पाहिली नव्हती. ताई वर कुरड्या वाळत घालायला गेली की हे जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे राहून "सांभाळून वं!" असं ओरडत, जणू ती हिमालयावर निघाली होती.

विमानाचं वेड त्यांना लागलं ते सीताबर्डीच्या एका रद्दीवाल्यामुळे. त्याच्याकडे त्यांना वैमानिकांसाठी लिहिलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. ते उड्डाणाच्या तयारीपासून सुरू होऊन ऐन आकाशात संपत होतं. विमान खाली उतरवण्याची पानं रद्दीवाल्यानं कुणाला तरी चिवडा बांधून दिली असावीत. भाऊजींनी त्याची फिकीर केली नाही. दर रविवारी तर्रीपोहे झाले की बैठकीत दोन खुर्च्या एकामागे एक लागत. पुढे भाऊजी, आणि मागे, मांडीवर मेथीची जुडी घेऊन, प्रवासी म्हणून ताई.

उडण्याआधी उंची ठरवायची असे, आणि खरा वेळ तिथेच जाई. पहिल्यांदा शाळेच्या नकाशावर दुकानातल्या टेपनं अंतर मोजायचं. "मुंबई अशी किती दूर आहे गा?" ते मला समजावत. "चाळीस हजार फुटांवर जातो म्हणशीन, तं चढता चढताच मुंबई येते." मग दिशा. पूर्वेला जाणाऱ्यानं विषम हजार धरायचे आणि पश्चिमेला जाणाऱ्यानं सम, म्हणजे समोरासमोर कोणी येत नाही. हा नियम त्यांना इतका आवडे की महालातल्या गल्लीत सायकलरिक्षा अडली की ते हळहळत, "आपल्या गल्लीले हाच पाह्यजे होता." एकदा दुकानात गिऱ्हाइकानं "जरा उंची माल दाखवा" म्हटलं, तर भाऊजींनी तंद्रीत विचारलं, "पूर्वेले जाता का पश्चिमेले?" ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं, म्हणजे पश्चिमेला.

वाऱ्यासाठी अंगणात वाळत घातलेलं ताईचं लुगडं पाहायचं. अंगणातला वारा आणि अठ्ठावीस हजार फुटांवरचा वारा यांत काही फरक असेल, ही शंका मी एकदाच काढली. पुढचे दोन रविवार मला पोहे मिळाले नाहीत. शेवटी वजन. विमान जड असलं की फार उंच जाता येत नाही. एका होळीला सहा पुरणपोळ्या खाऊन मी तिसऱ्या खुर्चीत बसलो, तर भाऊजींनी मला नीट न्याहाळलं आणि अठ्ठावीस हजार खोडून सव्वीस केले.

उंची ठरली की भाऊजी उडत. उडत म्हणजे पाऊण तास समोरच्या भिंतीकडे पाहत गप्प बसत. ताई मधेच चालत्या विमानातून उठून स्वयंपाकघरात जाई. उतरण्याचं पान नसल्यामुळे विमान आपलं वरच असे. मग आतून हाक येई, "अहो, पान वाढलं!" भाऊजी पेन्सिल कानाला अडकवून उठत, आणि मुंबई येई.

अशी पंधराएक वर्षं गेली. या सगळ्यात ताईचं मागणं एकच होतं. "मले एकदा खऱ्या विमानात बसाचं आहे. मागं नाही, तुमच्या बाजूले." आणि मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मुंबईच्या जावयानं खरोखरच विमानाची दोन तिकिटं पाठवली. भाऊजींनी आठवडाभर कागद काळे केले. वारा झाला, वजन झालं, अठ्ठावीस हजार पक्के झाले. आदल्या संध्याकाळी मात्र ते खाली मान घालून म्हणाले, "दोघं बसलो तं वजन होते. तू एकटी जाय. विमान जरा चांगलं वर जाते."

ताईला सगळं कळलं. तिनं एवढंच विचारलं, "किती वर?"

"अठ्ठावीस हजार."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं बॅगेतून त्यांचे कपडे एकेक करून बाहेर काढले. मला तेव्हा भाऊजींचा राग आला होता, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला विमानतळावर सोडून मी स्कूटरनं महालात परतलो. घरात कोणी नव्हतं. शोधत शोधत गच्चीवर गेलो, तर कुरड्यांच्या खाटेचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून भाऊजी बसलेले. तेवढ्यात दूरवर विमान उठलं, वळलं आणि पश्चिमेला निघालं.

"सम," ते पुटपुटले. ठिपका दिसेनासा झाला तरी त्यांची मान वरच होती. "बाजूची खुर्ची रिकामी असन गा तिच्या. मी जायले पाह्यजे होतं." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

"चला भाऊजी, खाली जाऊ."

त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि खाट आणखी घट्ट धरली. "चढलो तं चढलो. उतराचं पान नाही न आपल्याजवळ."

मी खूप ओढून पाहिलं. शेवटी एकटाच खाली आलो. जाण्याआधी ताईनं स्वयंपाक झाकून ठेवला होता. मी ताट घेतलं, वाढलं आणि जिन्याखालून हाक मारली, "भाऊजी, पान वाढलं!"

मग बसत बसत, एकेक पायरी करत भाऊजी उतरले. हातपाय धुऊन पाटावर बसले. पहिला घास उचलला आणि थांबले.

"पोचली असन काय गा?"

मी घड्याळ पाहिलं. "अजून नाही. वरच असेल."

त्यांनी घास ताटात परत ठेवला. "मग उतरू दे तिले आधी," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं वाढलेल्या पानाशी घड्याळाकडे पाहत बसून राहिलो.