पालथे हात

आमच्या कारखान्यात हात तयार होतात. ज्यांचा हात अपघातात गेला त्यांच्यासाठी, रबराचे; नखं, रेषा, शिरा सगळं असलेले. बीदरच्या बाहेर सोयाबीनच्या रानांत आमची एकच लांबलचक शेड आहे. रोजचं काम माझ्या देखरेखीखाली चालतं, म्हणजे रात्रभर निवलेल्या साच्यांतून निघालेला प्रत्येक हात मी सकाळी दाबून बघते. चांगला असला तर ट्रेमध्ये ठेवते, पालथा.

पालथाच. "उताणे हात मागायल्यावानी दिसतात, अक्का," असं पहिल्याच दिवशी मला शेडमधल्या एकीनं बजावलं होतं; पुढं तीच माझी मैत्रीण झाली. मी हसले. आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत, आणि मानणाऱ्यांचा मला रागच येतो. पण रात्री शेडला कुलूप असतं, तरी सकाळी एखादा हात उताणा सापडतोच. मी मुकाट्यानं पालथा करते.

मैत्रीण संतपूरची. बाईमाणसाच्या मापाचा साचा हवा होता, तेव्हा तिनंच आपला हात दिला, अंगठ्याच्या पेरावर तव्यानं भाजल्याच्या डागासकट. "आता मी घरी झोपले तरी माझा हात ड्युटीवर," म्हणायची. पावसाळ्यात ती तापानं गेली. तिच्या मातीला जाऊन आले आणि दुसऱ्या सकाळी कामावर गेले, तर साच्यातून तिचा हात निघाला. मी तो दाबला. गार होता.

पुढं रोज हेच. उताणा सापडायचा तोही तिचाच. मला भीती वाटायची आणि तरी मी लवकर जायचे. साहेब म्हणाले, तो डाग घासून टाका. मी भांडले, घासू दिला नाही. पण साचा झिजत गेला, बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या, आणि शेवटी तो मोडीत काढायला लागला. आता तिचा हात पुन्हा कधी धरायला मिळणार नाही, एवढंच मनात येत होतं. त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले.

परवा जनवाड्याला घरी निघाले होते. बसमध्ये शेजारी एक अनोळखी बाई होती. तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, आणि अंगठ्याच्या पेरावर तो डाग. मी बघतच राहिले.

"कामून बघायलाव, ताई?" ती म्हणाली. "खरा न्हाई ह्यो. माझा मळणीच्या मशिनीत गेला."

"ठावं हाय मला," मी म्हणाले. "धरू का जरा?"

तिला नवल वाटलं असावं, पण ती व्हय म्हणाली.

मी तो पालथा केला नाही. माझा हात त्यात ठेवला. खिडकीच्या उन्हानं तो गरम झाला होता. कारखान्यात तो कधीच गरम लागला नव्हता.

जनवाडा आलं, तरी मी उठले नाही.